जमैकाच्या मुलींचे पैसे थेट त्यांच्या हातात द्या : फिफाला खुले पत्र

प्रति,
श्री. जियानी इन्फान्टिनो, अध्यक्ष,
आणि फिफा कौन्सिलचे सर्व सदस्य यांना,

स. न. वि. वि.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. गेली पंधरा वर्षं मुलींचा फुटबॉल संघ बांधते, मोडतो, परत बांधते. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचण्याआधी ते माझ्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी वाचावं, मी कोणासाठी काय मागते आहे ते त्यांना कळावं, म्हणून. भाषांतर करून घ्यायला तुमच्याकडे माणसं आहेत.

आमच्या संघाची एक दोनशे पानी वही आहे. सामन्याची तारीख, मैदान, गोल कोणी मारला, कोणाला लागलं, गाडीभाडं किती झालं, सगळं त्यात लिहायचं. हे काम गोलकीपरकडे असतं. 2023 च्या जुलैत महिला विश्वचषक सुरू झाला, तेव्हा त्या वर्षीच्या गोलकीपरने वहीची मागची पानं जमैकाच्या नावावर केली. 23 जुलैला रविवार होता. दुपारी साडेतीनला अकरा पोरी माझ्या घरी, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला, आणि सिडनीत जमैका विरुद्ध फ्रान्स. फ्रान्स जगात पाचव्या क्रमांकावर, जमैका त्रेचाळिसाव्या. नव्वद मिनिटं झाली तरी गोल नाही. जादा वेळात जमैकाच्या खदीजा शॉला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, ती बाहेर गेली, आणि उरलेल्या दहा जणींनी फ्रान्सला तसंच थोपवून धरलं. शिट्टी झाली तेव्हा माझ्या गोलकीपरने वहीत 0-0 लिहिलं आणि त्याभोवती चौकट काढली. आमच्या वहीत चौकट फक्त जिंकलेल्या सामन्याला काढतात.

पुढच्या शनिवारी पर्थमध्ये शॉ निलंबित होती, तरी अ‍ॅलिसन स्वाबीच्या हेडरवर पनामाला 1-0 ने हरवलं. विश्वचषकातला जमैकाचा तो पहिला विजय. 2 ऑगस्टला बुधवार होता. शाळेत साहित्याच्या खोलीत, मॅटच्या ढिगावर बसून आम्ही ब्राझीलचा सामना पाहिला. ब्राझीलच्या मार्टाचा तो विश्वचषकातला शेवटचा सामना. परत 0-0. ब्राझील बाहेर, जमैका बाद फेरीत. साखळीच्या तीन सामन्यांत त्यांच्या जाळ्यात एकदाही चेंडू गेला नाही. 8 ऑगस्टला कोलंबियाने 1-0 ने हरवलं तेव्हा दोघी-तिघी रडल्या. साधारण 28 लाख वस्तीचा देश आहे तो. आमच्या एका जिल्ह्याची लोकसंख्या त्याहून जास्त आहे.

ऑक्टोबरमध्ये बातमी आली. त्याच खेळाडूंनी जाहीर केलं, की विश्वचषकाचे ठरलेले पैसे आम्हाला पूर्ण मिळालेले नाहीत, म्हणून आम्ही पुढच्या पात्रता सामन्यांना उभ्या राहणार नाही. मी ती बातमी मुलींना वाचून दाखवली. गोलकीपर म्हणाली, "बाई, मग मिळाले का त्यांना?" मला उत्तर माहीत नव्हतं. तिने वहीत जमैकाच्या पानावर उजव्या कडेला पट्टीने एक रेघ मारली आणि नवा रकाना केला : पैसे मिळाले?

अध्यक्षमहोदय, तो रकाना मी तुमच्यापुढे ठेवते आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्या देशाची फुटबॉल संघटना आहे, तिला विचारा. म्हणून आधी त्या संघटनेच्या काळात काय काय झालं, ते थोडं सविस्तर सांगते.

जमैकाच्या मुली 1991 पासून आंतरराष्ट्रीय सामने खेळतायत. 2010 च्या सुमारास, विश्वचषकाची पात्रता हुकल्यावर, संघटनेने महिला संघाचा पैसा बंद केला. पैसा बंद म्हणजे शिबिर बंद, सामने बंद, प्रशिक्षक बंद. वर्षानुवर्षं सामना न खेळल्यामुळे तुमच्या क्रमवारीतून जमैकाचं नावच गेलं. क्रमवारीत नाव नसलेल्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना तरी कोण खेळणार? 2014 मध्ये एक मुलगा शाळेतून घरी आला आणि त्याने आईच्या हातात एक चिठ्ठी दिली : महिला फुटबॉल संघासाठी मदत करा. ती आई सेडेला मार्ली होती, बॉब मार्ली यांची लेक, म्हणून पुढे काही घडलं. त्यांनी स्वतः पैसा घातला, लोकांकडून उभा केला, गाणं काढलं, संघाचं नाव जगभर नेलं. मी त्या चिठ्ठीचा फार विचार करते. दफ्तरातून आलेल्या अशा चिठ्ठ्या आमच्याकडेही वाटल्या जातात, स्नेहसंमेलनाच्या, सहलीच्या. देशाचा राष्ट्रीय संघ शाळकरी पोराच्या दफ्तरातून वर्गणी मागत होता. तेच दफ्तर दुसऱ्या कुठल्या घरी गेलं असतं तर?

2016 मध्ये ऑलिंपिकची पात्रता हुकली आणि संघ पुन्हा वाऱ्यावर सोडला गेला. पुन्हा लोकांनीच उभा केला. प्रशिक्षक ह्यू मेन्झीस कितीतरी काळ पगाराविना काम करत राहिले. आणि 17 ऑक्टोबर 2018 ला, अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रिस्को गावी, पनामाविरुद्ध 2-2 बरोबरी झाल्यावर पेनल्टीवर निकाल आला. निकोल मॅक्लूरने दोन पेनल्टी अडवल्या, डॉमिनिक बॉन्ड-फ्लाझाने शेवटचा चेंडू जाळ्यात घातला, आणि जमैका महिला विश्वचषकाला पात्र ठरला. सगळ्या कॅरिबियन बेटांतला पहिला संघ.

2019 मध्ये फ्रान्सला गेल्यावर ब्राझीलने 3, इटलीने 5 आणि ऑस्ट्रेलियाने 4 गोल घातले. हवाना सोलॉनने ग्रेनोब्लमध्ये एक गोल परत केला, तोच जमैकाचा विश्वचषकातला पहिला गोल. लोक हे आकडे पाहून हसले असतील. मी हसू शकत नाही. दोन वेळा मोडलेला संघ तिथे उभा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खदीजा शॉ आणि तिच्या सहकाऱ्यांना सांगावं लागलं, पैसे नाहीत तर खेळ नाही.

शॉबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. स्पॅनिश टाऊनची पोर. तिचे तीन भाऊ टोळीयुद्धात मारले गेले, एक अपघातात गेला, भाचेही गेले. त्या घरातून ती शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेली, टेनेसी विद्यापीठात खेळली, मग फ्रान्समध्ये बोर्दो, मग मँचेस्टर सिटी. 2023-24 च्या हंगामात इंग्लंडच्या महिला लीगमध्ये सर्वांत जास्त, 21 गोल तिचे. देशासाठी तिने मारलेले गोल जमैकाच्या कुठल्याही पुरुष खेळाडूपेक्षा जास्त आहेत. अशा मुलीला देशाकडून खेळताना स्वतःच्या मोबदल्याची आठवण समाजमाध्यमांवर करून द्यावी लागते. दुसऱ्या फळीतली, जिचं नाव कोणाला माहीत नाही, तिने काय करायचं?

2023 च्या जूनमध्ये, विश्वचषकाला महिनाभर उरला असताना, पुन्हा तेच. खेळाडूंनी संयुक्त पत्रक काढलं. प्रवास, राहण्याची सोय, सराव, आहार, मोबदला, निरोप वेळेवर न मिळणं, सगळं त्यात आहे. नियोजन नसल्यामुळे तयारीचे सामने हुकले, हेही आहे. त्याच सुमारास एका खेळाडूच्या आईने लोकवर्गणी सुरू केली, जेणेकरून मुलींना जेवणखाण, राहणं, सराव नीट मिळावा. एका आईने. विश्वचषकाला निघालेल्या राष्ट्रीय संघासाठी.

आणि याच मुली पुढच्या महिना-दीड महिन्यात फ्रान्स आणि ब्राझीलसमोर भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. तुमच्या संकेतस्थळावर, तुमच्या जाहिरातींत त्यांची कहाणी फिरली. जिद्द, संघर्ष, स्वप्न. कौतुक होतं, चांगलंच आहे. पण त्या ज्यांच्याशी झगडत होत्या ते तुमचेच सभासद आहेत, आणि ही गोष्ट त्या चित्रफितींत कुठे दिसली नाही.

आता तुमच्याकडे येते.

8 जून 2023 ला तुम्ही जाहीर केलं, की पहिल्यांदाच प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र रक्कम मिळणार. साखळीत खेळली तर 30 हजार डॉलर, शेवटच्या सोळांत गेली तर 60 हजार. आमच्या रुपयांत साधारण 50 लाख. महिला खेळाडूंची जगभरातली सरासरी कमाई वर्षाला 14 हजार डॉलरच्या आसपास आहे, हे तुमच्याच अहवालातलं. म्हणजे कित्येकींच्या चार वर्षांच्या कमाईहून जास्त ती रक्कम होती. त्या दिवशी मी मुलींना ग्राउंडवर गोळा करून हे सांगितलं होतं. मला खरंच आनंद झाला होता.

मग 19 जुलैला, स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ऑकलंडमध्ये तुम्हाला विचारलं गेलं, की हे पैसे खेळाडूंपर्यंत पोचतील याची खात्री देता का. तुमचं उत्तर असं होतं, की फिफा ही संघटनांची संघटना आहे, पैसे संघटनांमार्फतच जातील आणि त्या आपापल्या खेळाडूंना देतील. ही माझी पहिली तक्रार. ज्या संघटनेविरुद्ध खेळाडूंनी महिन्यापूर्वी जाहीर पत्रक काढलं होतं, तिच्याच हाती त्या खेळाडूंचे पैसे सोपवायचे? 23 खेळाडूंचे प्रत्येकी 60 हजार म्हणजे 13 लाख 80 हजार डॉलर. संघटनेचा स्वतःचा हिस्सा वेगळाच होता, बाद फेरीत पोचल्याचे 18 लाख 70 हजार. संघटनेचं तुम्ही तिला दिलंत. मुलींचंही तिलाच दिलंत.

दुसरी तक्रार जुनी आहे. 2010 च्या सुमारास आणि 2016 ला संघ बंद पडला तेव्हा तुम्ही काय केलंत? क्रमवारीतून नाव काढलंत. संघ बंद करणारे खुर्चीवर राहिले, शिक्षा झाली ती बंद पडलेल्या संघाला. हे आम्हाला नवं नाही. 2009 मध्ये भारताचा महिला संघही दीड वर्षाहून जास्त काळ सामना न खेळल्यामुळे तुमच्या क्रमवारीतून बाहेर गेला होता. त्या काळात मी स्वतः खेळत होते आणि आमच्यातल्या कोणाला हे माहीतसुद्धा नव्हतं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. इथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्ध्या शहराचे कान तिकडे असतात. माझे वडील मला खांद्यावर घेऊन तिथे जायचे. पण मी खेळायला लागले तेव्हा आम्हा मुलींना शर्ट मिळाले ते मुलांचे जुने, आणि त्यात 1 नंबरचे दोन निघाले. पंच म्हणाले, एकाच नंबरच्या दोघी चालणार नाहीत. आमच्या सरांनी वायरमनची काळी चिकटपट्टी आणली आणि माझ्या 1 ला वरून आडवी पट्टी लावून 7 केला. दुसऱ्या हाफमध्ये पाऊस आला, पट्टी सुटली, आणि पंचांनी मला मैदानाबाहेर उभं केलं. दहा जणी खेळल्या. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी निवड चाचणीला गेलो तर दारावरच्या माणसाने सांगितलं, यंदा मुलींची नाही, निधी आलेला नाही. निधी कुठून यायचा होता, कुठे अडला, कोणी सांगितलं नाही. आम्ही बारा जणी एसटीने परत आलो. त्यांतल्या आठ जणींनी नंतर बूट पायात घातले नाहीत.

म्हणून जमैकाच्या मुली दोनदा परत उभ्या राहिल्या हे वाचताना मला त्या आठ जणी आठवतात. ज्या परत आल्या त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. 2010 ला ज्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या आणि 2014 ला ज्यांच्याकडे कोणी चिठ्ठी घेऊन गेलं नाही, त्यांचं काय झालं, हे तुमच्या कुठल्या कागदावर आहे?

तिसरी गोष्ट, आणि ही मी सर्वांत जोर देऊन लिहिते. तुम्हाला कडक होता येत नाही असं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात तिसऱ्या, म्हणजे बाहेरच्या, पक्षाचा हस्तक्षेप झाला म्हणून तुम्ही महासंघाला निलंबित केलंत. एका रात्रीत. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात ताश्कंदला जाऊन पोचला होता. त्या मुलींनी काहीही केलेलं नव्हतं, त्या देशातल्या सर्वांत चांगल्या क्लबच्या खेळाडू होत्या, आणि त्यांना न खेळता परत यावं लागलं. नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वरला होणारा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही तेव्हा टांगणीला लागला होता. माझ्या शाळेतल्या दोघी नवी मुंबईच्या सामन्याला जाण्यासाठी पैसे साठवत होत्या. निलंबन अकरा दिवसांत उठलं, पण उझबेकिस्तानातले सामने गेले ते गेलेच.

म्हणजे खुर्चीवर कोणी बसायचं हा प्रश्न असला की तुम्हाला नियम आहे, कलम आहे, आणि तातडीही आहे. खेळाडूंना पैसे मिळाले नाहीत, शिबिर झालं नाही, संघच बंद केला, हा प्रश्न असला की ती संघटनेची अंतर्गत बाब. दोन्ही वेळेला सोसलं मुलींनीच.

ऑक्टोबर 2023 मध्ये जमैकाच्या मुख्य खेळाडू बाजूला राहिल्या. 2024 च्या कॉनकाकाफ (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभाग) महिला गोल्ड कपमध्ये जमैका नव्हता. विश्वचषकात बाद फेरीपर्यंत नेणारे प्रशिक्षक लॉर्न डोनाल्डसन यांचा करारही पुढे वाढवला गेला नाही. फ्रान्स आणि ब्राझीलला गोल करू न देणारा संघ वर्षभराच्या आत आपल्याच विभागाच्या स्पर्धेबाहेर. चढण चढायला त्यांना 2014 ते 2023 अशी नऊ वर्षं लागली होती.

2027 चा विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे. तोपर्यंत पुढील गोष्टी व्हाव्यात, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

खेळाडूच्या नावाने जाहीर झालेली रक्कम फिफाने थेट त्या खेळाडूच्या बँक खात्यात भरावी. संघटनेचा हिस्सा संघटनेला द्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या शाळेत मुलींची शिष्यवृत्ती थेट त्यांच्या खात्यात येते, मुख्याध्यापकांच्या नाही. जे सरकारला आमच्या खेड्यातल्या सातवीच्या मुलीसाठी जमतं, ते तुम्हाला खदीजा शॉसाठी जमायला हवं. आणि किती रक्कम कोणत्या तारखेला भरली, ते देशवार जाहीर करा.

फॉरवर्ड या तुमच्या विकासनिधीच्या कार्यक्रमातून तुम्ही 2023 ते 2026 या काळासाठी प्रत्येक संघटनेला 80 लाख डॉलरपर्यंत देता. त्यातला ठरावीक वाटा महिला संघाचाच असावा, वर्षाला किमान किती सामने आणि किती दिवसांचं शिबिर हे लिहून द्यावं, आणि ते झालं नाही तर पदाधिकाऱ्यांवर होणारा खर्च आधी थांबवावा. संघाचा नाही. हा वाटा किती असावा यावर वाद घाला, पण वाद घालताना खेळाडूंना समोर बसवा.

खेळाडूंच्या तक्रारीसाठी संघटनेला वळसा घालून थेट तुमच्याकडे येण्याची वाट हवी, आणि तिला मुदत हवी. तीस दिवसांत लेखी उत्तर. तक्रार केली म्हणून संघातून नाव गेलं तर त्याची चौकशी.

पदाधिकाऱ्यांच्या चुकीसाठी संघटना निलंबित करायची वेळ आली, तर स्पर्धेला निघालेल्या किंवा पोचलेल्या खेळाडूंना तटस्थ झेंड्याखाली खेळू द्यावं. ऑलिंपिकमध्ये हे होतं. उझबेकिस्तानात व्हायला काहीच हरकत नव्हती.

आणि ज्या देशाचा महिला संघ क्रमवारीतून बाहेर जाईल, त्या देशाच्या संघटनेकडून तुम्ही सहा महिन्यांच्या आत कारण मागावं आणि ते कारण छापावं. 2009 ला कोणी आम्हाला ते विचारून सांगितलं असतं, तर निदान दारावरून परत येताना काय म्हणायचं ते आम्हाला कळलं असतं.

ती गोलकीपर आता कॉलेजात आहे, सुट्टीला आली की ग्राउंडवर येते. वही आता नवव्या इयत्तेतल्या एका मुलीकडे आहे. गेल्या आठवड्यात तिने मागची पानं चाळताना मला विचारलं, हा रकाना रिकामा का आहे, आणि यात काय लिहायचं? मी तिला सांगितलं, थांब, पत्र पाठवलंय.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र